मदत हवी आहे: डीकलखाली चंदेरी डाग, रविवारी क्लबची मीटिंग आहे

पत्र्याचे_पंख
रविवारी आमच्या मॉडेल क्लबची मीटिंग आहे आणि ग्रुप बिल्डचं (सगळ्यांनी एकाच विषयावर केलेल्या मॉडेलांचं) टेबल लागणार आहे. विषय रात्रीची लढाऊ विमानं. हरिकेनचं (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) प्लास्टिक मॉडेल पूर्ण झालंय, पण डीकलखाली (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणांखाली) चंदेरी चकाकतंय. दोन्ही बाजूंचे राउंडेल (हवाई दलाची वर्तुळांची खूण), कोड अक्षरं आणि शेपटीजवळचा सीरियल नंबर, सगळीकडे. सॉफ्टर (डीकल मऊ करून खाली बसवणारं द्रव) दोनदा लावलं, काडीचा फरक पडला नाही. डीकलचा दुसरा संच नाही, त्यामुळे काढून परत लावता येणार नाहीत. हातात दोन संध्याकाळी आहेत. डीकल पाण्यात किती वेळ भिजवायचं हे कृपया सांगू नका, ते येतं.

सँडपेपर_६००
स्केल कोणतं? खालचा रंग कोणता, लॅकर की अ‍ॅक्रिलिक? डीकलआधी ग्लॉस (चकचकीत पारदर्शक थर) कशाचा मारला आणि किती वाळू दिला? सॉफ्टर म्हणजे मायक्रो सोल की मार्क सॉफ्टर? डीकल किटमधलंच की वेगळं घेतलेलं? एवढं कळल्याशिवाय कोणीही काहीही सांगेल.

मास्कवाला
यावर कायमचा उपाय एकच, खुणा रंगवा. राउंडेल आणि कोड अक्षरांचे मास्क (रंग फवारताना बाकीची जागा झाकणारे चिकट कागद) कापून मिळतात, सर्कल कटर असेल तर राउंडेल घरीही कापता येतो. आधी सगळ्यात फिका रंग, मग त्यावर वर्तुळांचे मास्क एकामागून एक. रंग पातळ, दाब कमी, आणि मास्कच्या कडेवर आधी खालचाच रंग एक हात फवारायचा म्हणजे नवा रंग आत झिरपत नाही. डीकलची फिल्मच नाही तर हवा अडकणार कुठे?

सँडपेपर_६००
@मास्कवाला, त्यांचं मॉडेल तयार आहे. रंगवायचं म्हटलं तर डीकल खरवडण्यापासून सुरुवात. दोन संध्याकाळींत ते व्हायचं नाही. शिवाय स्केल १/७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाइतकं) असेल तर सीरियल नंबरचे आकडे तीनेक मिलिमीटरचे, त्यांचा मास्क कोण कापणार?

पत्र्याचे_पंख
१/७२ च आहे. रंग तामियाचा एक्सएफ-१, मॅट काळा. ग्लॉस मारला नाही, वेळ नव्हता. सॉफ्टर मायक्रो सोल. डीकल किटमधलं. आता उपाय सांगा.

ओला_कापूस
ग्लॉस मारला नाही, इथेच उत्तर आहे. मॅट रंगाचा पृष्ठभाग भिंगाखाली बघा, बारीक रव्यासारखा असतो. डीकलची पारदर्शक फिल्म त्या रव्याच्या टोकांवर टेकते, मधल्या खळग्यांत हवा राहते. त्या हवेवरून परतलेला उजेड म्हणजे तुमची चंदेरी चकाकी. फिक्या रंगावर ती लपते, काळ्यावर ओरडते.

आता करायचं ते असं. इन्सुलिनच्या सिरिंजची सुई किंवा ११ नंबरच्या नव्या पात्याचं टोक घ्या. जिथे चंदेरी दिसतंय तिथेच, अर्ध्या ते एक मिलिमीटर अंतरावर, फक्त फिल्म भेदली जाईल इतकंच टोचायचं. खरवडायचं नाही, सुई उभी धरायची. मग शून्य नंबरच्या ब्रशने मायक्रो सोलचा थेंब त्या भोकांवर ठेवायचा. द्रव आत ओढला जाताना दिसतो, चंदेरी भाग एकेका भोकाभोवती काळा पडत जातो. फिल्म सुरकुतली तर हात लावायचा नाही, वाळताना ती आपोआप बसते. तीन-चार तासांनी पुन्हा बघा, उरलेल्या जागी पुन्हा टोचा. दाबायचं झालंच तर ओल्या कापसाने वरून सरळ दाबायचं. घासलं की मऊ झालेलं अक्षर सरकलं म्हणून समजा.

थेट_मॅटवर
ग्लॉस मारलाच पाहिजे ही समजूत आधी काढून टाका. मॅट रंगावरही डीकल बसतं. वॉर्निशचा ओला थर ब्रशने तेवढ्याच जागेवर लावायचा आणि डीकल त्या ओल्या थरातच सरकवायचं. खळग्यांत वॉर्निश भरलं जातं, हवा राहतच नाही. किंवा मॅट रंग ४००० च्या अतिबारीक सँडिंग पॅडने हलक्या हाताने गुळगुळीत करायचा. दोन्हींत अख्ख्या मॉडेलवर ग्लॉसचा थर चढत नाही आणि १/७२ च्या पॅनेल लाइन (पत्र्यांच्या जोडांच्या कोरलेल्या रेघा) बुजत नाहीत.

ओला_कापूस
ग्लॉसने पॅनेल लाइन बुजतात त्या जाड मारल्यामुळे. एक्स-२२ (तामियाचा पारदर्शक ग्लॉस) एक भाग, लॅकरचं लेव्हलिंग थिनर एक ते दीड भाग, एअरब्रशला ०.३ चं नोझल, १५ ते १८ पीएसआय दाब. दोन हलके धुरकट थर, दहा मिनिटं थांबून एकच ओला थर, आणि एक पूर्ण दिवस हात लावायचा नाही. एवढ्याने एकही लाइन बुजत नाही. तुमच्या ओल्या वॉर्निशच्या पद्धतीत डीकल जागेवर आणायला अर्ध्या मिनिटाहून जास्त मिळत नाही. राउंडेल तिरका बसला की तिरकाच राहिला. नवशिक्याला हे सांगू नका.

थेट_मॅटवर
वॉर्निशमध्ये रिटार्डरचे (वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचे) दोन थेंब घातले की वेळ मिळतो. आणि पूर्ण दिवस वाळवण्याचं काय? त्याच घाईत लोक ग्लॉस गाळतात आणि मग असे धागे निघतात. छोट्या जागेपुरती सोपी पद्धत माहीत असायला काय हरकत आहे?

राखाडी_प्रायमर
भांडण बाजूला ठेवा, एक गोष्ट कोणी विचारलीच नाही. @पत्र्याचे_पंख, वरून मॅट वॉर्निश मारून झालंय का?

विचारण्याचं कारण असं की, काळ्यावर पांढुरकं दिसणारं सगळं डीकलखालचंच असतं असं नाही. मॅट वॉर्निश दमट हवेत मारलं किंवा बाटली नीट ढवळली नाही तर त्याच्यावरही दुधासारखी झाक येते. ओळखायची रीत सोपी आहे. पाण्याचा एक थेंब त्या जागेवर ठेवा आणि टॉर्च आडवा धरून बघा. थेंबाखाली पांढुरकेपणा नाहीसा झाला तर दोष वॉर्निशचा आहे, वरून एक ग्लॉस थर दिला की जातो. थेंबाखालीही चंदेरी तशीच राहिली तर हवा फिल्मखाली आहे. दुसरी खूण म्हणजे फिल्मखालची हवा डीकलच्या कडेला बरोबर रेघ मारल्यासारखी थांबते, वॉर्निशची झाक पलीकडे पसरलेली असते.

पत्र्याचे_पंख
हो, मॅट मारून झालंय. मॉडेल पूर्ण झालंय असं पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, म्हणून वेगळं सांगितलं नाही. सॉफ्टर त्यानंतर लावलं. थेंब ठेवून बघितला, चंदेरी जशीच्या तशी. डीकलच्या कडेलाच थांबते.

सँडपेपर_६००
मग सॉफ्टर चालणार कसं! वॉर्निशने फिल्म वरून बंद झाली. सोल फिल्मला भिडतच नाही, वॉर्निशवर बसून वाळून जातं. वॉर्निश कशाचं आहे, पाण्याचं अ‍ॅक्रिलिक की लॅकर?

पत्र्याचे_पंख
पाण्याचं अ‍ॅक्रिलिक.

राखाडी_प्रायमर
मग अजून एक जपायचं. पाण्याच्या अ‍ॅक्रिलिक वॉर्निशवर सॉफ्टर जास्त वेळ साचून राहिलं तर वॉर्निश मऊ होतं, कधी पांढरे डाग पडतात. आधी पंखाच्या खालच्या बाजूला एक थेंब ठेवा, अर्धा तास थांबा. काही झालं नाही तर पुढे जा.

तुमच्यासाठी क्रम असा लावेन. पहिल्या संध्याकाळी दोन्ही राउंडेल. सुईने वॉर्निश आणि फिल्म दोन्ही भेदायची, त्यामुळे ओला_कापूस यांनी सांगितलं त्यापेक्षा किंचित जास्त जोर, पण रंगाखालचं प्लास्टिक उघडं पडलं की थांबा. थेंब भोकांवरच ठेवायचा, दोन मिनिटांत आत गेला नाही तर उरलेला टिशूच्या टोकाने टिपून घ्यायचा. असं दोन-तीन वेळा. रात्रभर वाळू द्या.

कोड अक्षरांवर मात्र हा खटाटोप करू नका. तिथे चंदेरी दिसते ती अक्षरांच्या मधल्या आणि आतल्या रिकाम्या फिल्ममध्ये. ती जागा काळीच असायला हवी, मग सरळ काळी करा. एक्सएफ-१ मध्ये एक्स-२०ए थिनर घालून दुधाइतका पातळ रंग, बारीक टोकाचा ब्रश, दोन-तीन पातळ हात. अक्षराच्या कडेपासून केसभर अलीकडे थांबायचं. सीरियल नंबरलाही हेच. लेव्हलिंग थिनर ब्रशच्या रंगात घालू नका, ते खालचा थर उकलतं.

दुसऱ्या संध्याकाळी अख्ख्या विमानावर मॅटचा एक पातळ थर, म्हणजे टोचलेल्या आणि रंगवलेल्या जागा बाकीच्याशी एकजीव होतात.

थेट_मॅटवर
रंगवण्याऐवजी अक्षरांमधली फिल्म पात्याने कापून काढली तर? मुळात डीकल लावण्याआधीच फिल्म कापायला हवी होती.

ओला_कापूस
वॉर्निशखाली बंद झालेली फिल्म कापून उचलायला गेलात तर रंगासकट निघेल. राखाडी_प्रायमर यांचं बरोबर आहे, तिथे रंगच.

आणि आधी कापण्याबद्दलही सरसकट सांगता येत नाही. अक्षरांच्या मधली मोठी फिल्म कापावी, ते मान्य. पण राउंडेलभोवतीची छापील कड बाहेरच्या बाजूला पातळ होत गेलेली असते. पात्याने कापलेली कड उभी असते, वॉर्निशनंतर तीच पायरीसारखी दिसते.

खोका_घेऊन_या
मीटिंगला नेताना काय काळजी घ्याल? विमान खोक्यात नुसतं ठेवू नका. फोमचे दोन तुकडे पंख धडाला जिथे जुळतो तिथे खालून आधार देतील असे कापा, म्हणजे वजन चाकांच्या पायांवर येत नाही. एरियलची (रेडिओ अँटेनाची) तार तिथे गेल्यावर लावा. डीकलवर फोम टेकू देऊ नका, ताजं मॅट वॉर्निश दाबलं की चमकतं. खोक्यावर वरची बाजू कोणती ते मोठ्या अक्षरांत लिहा, उचलणारा दुसराच असतो.

तिसरं_टेबल
इथे सगळे दुरुस्ती सांगताहेत, पण मीटिंगला ते अर्धवट नेण्यात काय अडचण आहे? बहुतेक क्लबांत तयार मॉडेलच्या टेबलाशेजारी चालू कामाचं टेबल असतं. ग्रुप बिल्डमध्ये नाव असलं म्हणून झाकपाक करूनच आणायचं असा नियम सहसा नसतो, तुमच्या क्लबात आहे का? चंदेरी डाग तसेच ठेवून नेलंत तर तिथे दहा जण टॉर्च आडवा धरून बघतील, सुईने टोचून दाखवतील. क्लबची मीटिंग त्यासाठीच असते. तयार मॉडेलांची रांग फोटोतही दिसते.

आणि परीक्षणाची भीती असेल तर, १९६३ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या आयपीएमएस या मॉडेलकारांच्या संघटनेच्या पद्धतीच्या स्पर्धांत परीक्षक आधी जोडणी बघतात. धडाच्या जोडावरची रेघ भरलीय का, पंखांचा कोन दोन्हीकडे सारखा आहे का, चाकं जमिनीला टेकतात का, कॅनॉपीवर (कॉकपिटच्या काचेवर) गोंदाची वाफ बसलीय का. डीकलखालची हवा दोष म्हणून धरतात, पण पंख वाकडा असेल तर तिथपर्यंत गोष्ट जातच नाही.

पत्र्याचे_पंख
नियम आहे, तयारच लागतं. नसतं तर इतकी घाई केली नसती.

तिसरं_टेबल
मग तो नियम रविवारी चर्चेला घ्या, मनापासून सांगतो. तारखेसाठी ग्लॉस गाळायला लावणारी ग्रुप बिल्ड कुणालाच काही शिकवत नाही. तारीख ठेवावी, पण अपुरं मॉडेलही त्याच टेबलावर, "पुढचा टप्पा: डीकल" अशी चिठ्ठी लावून ठेवू द्यावं.

काजळी
थोडं विषयांतर. विमान ब्रिटिश रात्रीचं आहे म्हणून आठवलं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात त्यांनी रात्रीच्या विमानांना आरडीएम २ नावाचा खास काळा रंग दिला होता, काजळीसारखा खरखरीत मॅट. सर्चलाइटच्या झोतात तो चमकू नये हा हेतू. पण त्या खरखरीत थराने विमानाचा वेग कमी व्हायचा, म्हणून पुढे गुळगुळीत काळा आला. त्यामुळे मॉडेलवर अगदी कोरडा काळा ठोकण्याआधी विमान कोणत्या काळातलं आहे ते बघा. आणि १/७२ ला शुद्ध काळा फार जड दिसतो, एक्सएफ-६९ सारखा करडेपणाकडे झुकणारा काळा बरा.

सँडपेपर_६००
@काजळी, माहिती चांगली आहे, पण आता त्यांनी रंग बदलू नये. ब्रशची दुरुस्ती मूळ एक्सएफ-१ मध्येच व्हायला हवी, नाहीतर अक्षरांभोवती करडे ठिगळ दिसेल.

पत्र्याचे_पंख
पहिली संध्याकाळ झाली. पंखाखाली थेंब ठेवून बघितला, वॉर्निशला काही झालं नाही. डावा राउंडेल तीन वेळा टोचल्यावर पूर्ण बसला. उजव्याच्या निळ्या वर्तुळात पॅनेल लाइनवर एक पट्टा अजून चंदेरी आहे, तिथे द्रव आत जातच नाही.

ओला_कापूस
पॅनेल लाइनवर फिल्म पुलासारखी ताणलेली असते. तिथे टोचून भागत नाही. नव्या पात्याने त्या लाइनमधूनच, लाइनच्या लांबीइतका एक सरळ छेद द्या, मग सोल लावा. फिल्मच्या दोन्ही कडा खाली लाइनमध्ये उतरतील. छेद वाळल्यावर दिसत नाही, कारण तो लाइनमध्येच असतो.

पत्र्याचे_पंख
छेद दिला, उतरला. आता अक्षरांमध्ये काळा लावतोय. वरचा मॅट किती तासांनी मारू?

राखाडी_प्रायमर
एक्सएफ पातळ हातांनी लावलाय, रात्रभर पुरे. सोल लावलेल्या जागा बोटाला चिकट लागत नाहीत ना ते आधी पंखाखालच्या त्या थेंबाच्या जागेवर तपासा, राउंडेलवर नाही. बाहेर दमट असेल तर मॅट सकाळी न मारता दुपारी मारा, बाटली दोन मिनिटं ढवळून.

मास्कवाला
पुढच्या वेळी मास्क.

नवीन_स्प्रू
चांगला धागा. ते एरियलची तार तिथे गेल्यावर लावा म्हणताय, ती कशाची करायची आणि कशाने चिकटवायची? स्प्रू (किटचे भाग ज्याला जोडलेले असतात ती प्लास्टिकची काडी) मेणबत्तीवर ताणून केली की दर वेळी माझी मध्येच तुटते.