‘फेथफुल अ‍ॅडॅप्टेशन’ : बरहुकूम, इमान की बेतणे?

प्रश्न :
सुपरहिरोंच्या चित्रपटांवर मराठीत लिहिताना ‘फेथफुल अ‍ॅडॅप्टेशन’ या इंग्रजी शब्दाशी दर वेळी अडायला होते. कॉमिकमधले पात्र पडद्यावर नीट उतरले, तर त्याला ‘प्रामाणिक रूपांतर’ म्हणावे की ‘मूलनिष्ठ’? ‘एकनिष्ठ’ लिहिले की नवराबायकोचा विषय वाटतो. जाणकारांनी कृपया सुचवावे.

प्रतिसाद :
आधी ‘रूपांतर’ पाहू. यातला ‘अंतर’ म्हणजे लांबी नव्हे, ‘दुसरा’. देशांतर म्हणजे दुसरा देश, भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, तसे रूपांतर म्हणजे दुसरे रूप. रूप बदलणार हे शब्दानेच मान्य केले आहे. नाटककार देवलांनी शेक्सपिअरच्या ऑथेल्लोचा झुंझारराव केला तो याच अर्थाने. ‘प्रामाणिक’ मात्र मला इथे पटत नाही. प्रामाणिकपणा करणाऱ्याच्या हेतूत असतो, आणि चांगल्या हेतूने काढलेल्या चित्रपटातही पात्र हातचे निसटू शकते.

माझ्या मते इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींना आपल्याकडे शब्द आहेत : बरहुकूम आणि इमान. ‘बरहुकूम’ फारसी वळणाचा, म्हणजे हुकमाप्रमाणे. नमुन्याबरहुकूम, करारनाम्याबरहुकूम असे आपण म्हणतोच. पोशाख, रंग, उंची, हत्यार यांच्या बाबतीत हा शब्द चपखल बसतो. ‘एक्स-मेन’ कॉमिकमधला नायक वुल्व्हरिन जेमतेम सव्वापाच फुटांचा आणि पिवळ्या पोशाखातला. 2000 सालच्या ‘एक्स-मेन’ चित्रपटात तो सहा फुटांवर गेला आणि काळ्या चामड्यात आला. अंगकाठी आणि पोशाख दोन्ही बरहुकूम नव्हते, पण तो चिडका, एकटा, जखमा लपवणारा माणूस तोच होता. त्याला ‘मूळ पात्राशी इमान राखले’ असे म्हणता येते.

स्पायडरमॅनमध्ये हा फरक फार स्पष्ट दिसतो. 1962 च्या पहिल्या कथेत शाळकरी पीटर, म्हणजे पुढचा स्पायडरमॅन, मनगटावरचे जाळे फेकणारे यंत्र स्वतः बनवतो. 2002 च्या चित्रपटात जाळे थेट त्याच्या मनगटातून निघाले आणि वाचक चिडले. राग रास्त होता, कारण त्या यंत्रात पीटरची हुशारी होती आणि ऐन झटापटीत जाळ्याचा द्रव संपण्याची धास्तीही. पण माझ्या मते त्याच चित्रपटातला एक बदल याहून खोल आहे आणि त्यावर फारसे बोलले जात नाही. मूळ कथेत पळणारा चोर पीटरच्या समोरून जातो आणि तो त्याला निव्वळ गुर्मीत सोडून देतो. दुसऱ्यांचे पाहणे आपले काम नाही, एवढेच त्याचे म्हणणे. चित्रपटात कुस्तीचा आयोजक आधी त्याला कबूल केलेल्या 3000 डॉलरऐवजी 100 डॉलर टेकवतो आणि मग तो चोराला वाट देतो. म्हणजे त्याच्या चुकीला सबब मिळाली. काका त्याच चोराच्या हातून जातात तेव्हा मूळ पीटरपाशी कोणतीच सबब नसते, आणि त्याचे पुढचे सगळे आयुष्य त्या बोचणीतून उभे राहते. जाळे बदलले ते रूपात. हा बदल मात्र स्वभावाला जाऊन भिडला.

प्रश्नकर्ता :
मनापासून आभार. शंका अशी की, ‘बरहुकूम’ म्हणताना हुकूम कोणाचा धरायचा? बॅटमॅन माणूस मारत नाही म्हणतात, पण सुरुवातीच्या अंकांत तर मारतो.

प्रतिसाद :
अगदी बरोबर पकडलेत. 1939 च्या पहिल्या गोष्टींत गुंड त्याच्या हातून मरतात, बंदूकही दिसते. बॅटमॅन जीव घेणार नाही, हा नियम नंतर संपादकांनी घातला आणि पुढच्या लेखकांनी तो त्याच्या स्वभावाचाच भाग केला. म्हणून 1989 च्या चित्रपटातला मारणारा बॅटमॅन पहिल्या अंकांना धरून आहे आणि नंतरच्या अनेक दशकांना सोडून. अशी पात्रे वडासारखी असतात, पारंब्या जमिनीत रुजल्या की मूळ खोड कोणते ते ओळखू येत नाही. मार्व्हल कॉमिक्समधला हेरप्रमुख निक फ्युरी याच्या बाबतीत तर कमाल झाली. 2002 च्या कॉमिकमध्ये त्याचा चेहरा नट सॅम्युएल जॅक्सनवरून काढला आणि 2008 पासून पडद्यावर ती भूमिका जॅक्सननेच केली. यामुळेच ‘मूलनिष्ठ’ लिहिताना माझा हात अडखळतो. कोणत्या काळातल्या पात्राशी इमान, ते वाक्यातच लिहावे.

आणि एक शब्द आपण वापरतो पण त्याच्याकडे नीट पाहत नाही : ‘बेतलेला’. ‘कॉमिकवर बेतलेला चित्रपट’. बेतणे हे शिंप्याचे काम, म्हणजे हाती असलेले कापड समोरच्या अंगाच्या मापाने कापणे. कापड कॉमिकचे, अंग नटाचे आणि दोन तासांचे माप सिनेमाचे. ‘आधारित’पेक्षा मला हा शब्द कितीतरी जिवंत वाटतो. ‘छान बेतलाय’, ‘बेतताना खांद्यात चुकला’ असे बिनधास्त लिहावे.

आपल्या भाषेतही असे बेतणे झाले आहे. इंद्रजाल कॉमिक्समध्ये फँटम या अमेरिकी कॉमिकनायकाचा वेताळ झाला. वेताळ म्हणजे भुतांचा राजा, कोकणात आणि गोव्यात गावोगाव ज्याला नारळ देतात तो. पिढ्यान्‌पिढ्या न मरणारा मुखवट्याआडचा माणूस मराठी मुलांना कळला तो त्या एका नावामुळे. अक्षराबरहुकूम करायचे तर ‘भूत’ किंवा ‘आभास’ लिहिता आले असते. त्या भाषांतरकाराने नाव बदलले आणि धाक तसाच ठेवला.