'ग्रिंगो'ला मराठीत काय म्हणावं?

रानजाई
मंडळी, एका ठिकाणी अडलेय. मेक्सिकोतल्या एका म्हाताऱ्या शेतमजुराच्या तोंडी आठवणी स्पॅनिशमधून मराठीत करतेय. हा माणूस १९५०च्या दशकात 'ब्रासेरो' म्हणून अमेरिकेत जायचा. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, १९४२ ते १९६४ दोन्ही सरकारांच्या करारानुसार मेक्सिकोतून लाखो मजूर अमेरिकेतल्या शेतांवर नेले गेले, 'ब्रासो' म्हणजे बाहू त्यावरून ब्रासेरो. तर अडचण अशी की अमेरिकन माणसासाठी तो एकच शब्द वापरत नाही. सीमेवर अंगावरचे कपडे काढायला लावून रांगेत उभं केलं आणि पंपाने डीडीटी या कीटकनाशकाची भुकटी डोक्यावर, काखेत, थेट तोंडावर मारली, तो पंपवाला 'ग्रिंगो'. ज्याच्या रानात आखूड दांड्याची कुदळ घेऊन दिवसभर कंबरेत वाकून काम केलं तो 'पात्रोन'. ताप आला तेव्हा ज्या दुकानदार बाईने औषध दिलं ती 'ला अमेरिकाना'. आणि म्हाताऱ्याचा नातू मधेमधे बोलतो तो सरसकट 'गाबाचो' म्हणतो. आमच्या संपादकांचं म्हणणं सगळीकडे 'गोरा' टाका, वाचकाला कळतं. मला ते अजिबात पटत नाहीये पण पर्यायही सुचत नाहीये. 'ग्रिंगो'ला मराठीत काय?

मुळाकाठ
ताई, ग्रिंगोचा उगम बघितला की उत्तर सापडेल. १८४६ला अमेरिकेने मेक्सिकोवर चढाई केली तेव्हा सैनिकांचे गणवेश हिरवे होते, लोक ओरडायचे 'ग्रीन, गो!' म्हणजे हिरव्यांनो चालते व्हा. त्याचं ग्रिंगो झालं. म्हणजे तो शब्द सरळ निषेधाचा आहे आणि मराठीतही तसाच जहाल पाहिजे. आपल्याकडे इंग्रजांना 'लालतोंडे' म्हणायचे, तो घ्या.

उत्तररात्र
मुळाकाठ, ही व्युत्पत्ती फार लोकप्रिय आहे पण टिकत नाही हो. एक तर त्या युद्धात अमेरिकन सैन्याचा गणवेश निळा होता. दुसरं म्हणजे शब्द युद्धाच्या कितीतरी आधीचा आहे, एस्तेबान दे तेरेरोस याच्या स्पॅनिश कोशात तो सापडतो, तो छापला गेला १७८०च्या दशकात. तिथे अर्थ दिलाय की मालागाकडे ज्या परदेशी माणसाला स्पॅनिश धड बोलता येत नाही, उच्चार वेगळा येतो, त्याला ग्रिंगो म्हणतात. 'ग्रिएगो' म्हणजे ग्रीक, त्यावरून आला असं बहुतेक अभ्यासक धरतात, आपल्याला न कळणारी भाषा ती ग्रीक. म्हणजे मुळात हा शब्द कातडीच्या रंगाचा नाहीच, जिभेचा आहे. आणि म्हणूनच 'गोरा' चुकीचा.

सागरगोटा
याला माझी साक्ष. मी जहाजावर होतो, ब्राझीलच्या सांतोस बंदरात चहाला उतरलो की दुकानवाला मला ग्रिंगो म्हणायचा. मी रत्नागिरीचा, रंगाने पक्का सावळा. तिकडे परदेशी तो ग्रिंगो, मग तो जर्मन असो की जपानी की आपण. अर्जेंटिनात तर जुन्या काळी इटलीहून आलेल्या शेतकऱ्यांना म्हणायचे. फक्त मेक्सिकोत येता येता त्याचा अर्थ अमेरिकन असा आवळत गेला, कारण त्यांच्या दारात परका म्हणजे तोच.

रानजाई
'गोरा'बद्दल अजून एक. मेक्सिकोत 'ग्वेरो' असा वेगळा शब्द आहेच, उजळ वर्णाचा. बाजारात भाजीवाली गिऱ्हाइकाला खूश करायला 'काय देऊ ग्वेरिता?' म्हणते, समोरची बाई सावळी असली तरी. आपल्याकडचं 'गोरी गोमटी' आठवा. मराठीत गोरा हे कौतुक आहे, पंपवाल्याला मी कौतुकाचा शब्द कसा देऊ?

कुळागर
गोव्यात आमच्या आज्या पोर्तुगीजाला 'पाखलो' म्हणायच्या आणि आता किनाऱ्यावर दिसणारा कुठलाही गोरा पाखलोच, रशियन असला तरी. त्यात राग नसतो पण आपलेपणाही नसतो. तुम्हाला हवी ती छटा त्यात बरोबर आहे, पण देशावरच्या वाचकाला कळणार नाही हेही खरं.

मुळाकाठ
मग 'फिरंगी' घ्या की. फिरत फिरत आलेला तो फिरंगी, अर्थही जुळतो.

उत्तररात्र
फिरण्याशी काही संबंध नाही. फ्रँक लोकांवरून अरबी-फारसीत 'फिरंग', तिथून आपल्याकडे. आणि आपल्या बखरींत फिरंगी म्हणजे प्रामुख्याने पोर्तुगीज, इंग्रजांना 'टोपीकर' म्हणत. या दोन्ही शब्दांना पेशवाईचा वास आहे, १९५५च्या टेक्सासात ते कसे चालतील?

जुनी_वही
मी मराठीची निवृत्त शिक्षिका, इथे नवीनच आहे. मला आधी एक विचारायचंय, हल्ली सगळी वर्तमानपत्रं 'अमेरिकी' का लिहितात? आमच्या लहानपणी 'अमेरिकन' होतं. अमेरिकी ऐकलं की हिंदी बातम्या लावल्यासारखं वाटतं.

मुळाकाठ
बाई, चिनी, जपानी, इराणी चालतं मग अमेरिकी का नाही? ई प्रत्यय आपलाच आहे. उलट 'अमेरिकन'मधला 'अन' हा इंग्रजीचा. शुद्ध मराठी हवं असेल तर अमेरिकीच म्हणायला पाहिजे.

जुनी_वही
मग 'जर्मनी' माणूस म्हणता का तुम्ही? 'रशियी' म्हणता? जर्मन, रशियन, इटालियन, अमेरिकन ही सगळी एकाच वाटेने आली आणि रुळली. लोकांच्या तोंडी जे दोन पिढ्या आहे ते नियमाच्या नावाखाली उपटून काढू नये एवढंच माझं म्हणणं.

रानजाई
बाई, तुमचा मुद्दा माझ्या कामाचा आहे पण वेगळ्या कारणाने. लॅटिन अमेरिकेत बरेच जण 'अमेरिकन' या शब्दावरच हरकत घेतात. त्यांच्या शाळेत उत्तर-दक्षिण मिळून अमेरिका हा एकच खंड शिकवतात, मग मेक्सिकन, पेरूवियन, चिलीयन सगळेच अमेरिकन, एका देशाने सबंध खंडाचं नाव स्वतःकडे कसं घेतलं? म्हणून लिहिताना 'एस्तादोउनिदेन्से', म्हणजे संयुक्त संस्थानांचा. १८४६ ते ४८च्या युद्धालाही ते 'अमेरिकन युद्ध' म्हणत नाहीत, 'संयुक्त संस्थानांची घुसखोरी' अशा अर्थाचं नाव आहे. निम्म्याहून जास्त मुलूख गेला त्यात, कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा. म्हणजे ज्या जमिनीत हा म्हातारा मजूर म्हणून राबला ती त्याच्या पणज्याच्या काळात मेक्सिकोची होती! हे त्याच्या बोलण्यात सारखं येतं.

उत्तररात्र
'संयुक्त संस्थानी' म्हटलंत तर मराठी वाचकाला कोल्हापूर-सांगली-औंध आठवणार. जुन्या पुस्तकांत 'अमेरिकेची संयुक्त संस्थाने' असं असायचं, पण त्याचं विशेषण कधी झालंच नाही.
'यांकी'चा विचार केलात का? ब्रिटिश माणूस कुठल्याही अमेरिकनाला 'यँक' म्हणतो. पण मी अटलांटात राहतो, इथे दक्षिणेतल्या माणसाला चुकून यांकी म्हणालात तर चेहरा बदलतो, त्यांच्या लेखी यांकी म्हणजे यादवी युद्धातला उत्तरेकडचा शत्रू. माझ्या शेजाऱ्याने मला हे फार शांतपणे समजावून सांगितलं होतं. म्हणजे बाहेरचे ज्याला एक समजतात ते आतून एक नाहीतच.

सागरगोटा
ऑस्ट्रेलियात तर यँकशी यमक 'सेप्टिक टँक', त्याचा झाला 'सेपो'. मैल्याच्या टाकीवरून नाव, आणि म्हणतात मात्र दोस्तीत. फिलिपिन्समध्ये सुबिकला अमेरिकेचा नाविक तळ होता १९९२पर्यंत, तिथली पोरं कुठल्याही गोऱ्याला 'हे जो!' हाक मारायची. जो म्हणजे सैनिक. १८९८ ते १९४६ अमेरिकेचं राज्यच होतं तिथे, त्यामुळे अमेरिकन माणूस पहिल्यांदा दिसला तो वर्दीत, नाव तेच चिकटलं. आणि एरवी 'कानो', अमेरिकानोचं शेपूट. चीनमध्ये याच देशाला 'मेइग्वो', सुंदर देश, आणि जपानीत लिहितात 'बेइकोकु', भाताचा देश.

मुळाकाठ
सुंदर देश! म्हणजे चिन्यांना मनातून कौतुक आहे तर.

सागरगोटा
नाही हो, नुसता उच्चार जुळवलाय. अमेरिकेतल्या 'मे' ध्वनीला जवळचं अक्षर घेतलं, त्याचा अर्थ सुंदर निघाला. जपान्यांनी दुसरं अक्षर घेतलं, त्याचा अर्थ तांदूळ. त्यावरून कोणाचं मन ओळखू नये.

जुनी_वही
नावात मन नसतं असं मला नाही वाटत. आमच्या घरी 'अमेरिका' म्हणजे मिलो. पीएल ४८० या अमेरिकेच्या धान्यमदत कायद्याखालचा गहू आणि नंतर ही तांबूस ज्वारी रेशनवर यायची. पीठाला चिकटपणाच नसायचा, आई आधणाच्या पाण्यात उकड काढायची तरी भाकरी तव्यावर टाकताना तुटायची. वडील ती मुकाट्याने खायचे, मात्र त्या देशाचं नाव काढलं की त्यांचा आवाज चढायचा. राष्ट्राध्यक्ष जॉन्सनच्या वेळी भारताने व्हिएतनामबद्दल टीका केली म्हणून गव्हाची जहाजं थोडी थोडी, हात आखडून सोडत होते हे ते पेपरात रोज वाचायचे. मग १९७१ला अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागरात आलं. ज्याचं खातो त्याच्याच तोफा आपल्याकडे वळलेल्या, हे त्या पिढीच्या मनातून कधी गेलं नाही. आणि त्याच वडिलांचा नातू आज टेक्सासात आहे, ते शेवटपर्यंत त्याच्या पत्रांची वाट बघायचे. यातल्या कुठल्या अमेरिकेला कुठला शब्द देणार?

वऱ्हाडी_माणूस
बाई, मिलोसोबत गाजरगवत आलं हे विसरले तुम्ही. आमच्याकडे त्याला काँग्रेस गवत म्हणतात. सगळी धुरेबांधं खाल्ली त्याने, हात लागला की अंगाला खाज.

उत्तररात्र
दादा, तारखा जुळत नाहीत. पुण्यात ते गवत १९५५च्या सुमारास नोंदलं गेलं, पीएल ४८०चा करार झाला ऑगस्ट १९५६ला.

वऱ्हाडी_माणूस
१९५१लाही अमेरिकेतून कर्जाऊ गहू आला होता की, वीस लाख टनांची मंजुरी होती. त्यातून आलं नसेल कशावरून?
आणि आमच्या शेतात 'अमेरिकन' शब्द कसा वापरतात ते ऐका. कपाशीवर पडते ती 'अमेरिकन बोंडअळी'. आता ती अळी अमेरिकेची नाहीच, आफ्रिका-आशियातलीच आहे, कृषी विद्यापीठाच्या लोकांनी सांगितलं. तरी नाव तेच. १९९०च्या दशकात तिने घरंच्या घरं बसवली, फवारून फवारून मरायची नाही. हट्टी, बाहेरची, आपल्या औषधाला न जुमानणारी, म्हणून अमेरिकन. माझ्या बापाने एकही अमेरिकन माणूस पाहिला नाही उभ्या जन्मात, पण हा शब्द तो दात खाऊन बोलायचा.

कुळागर
आणि दागिन्यांच्या दुकानात अमेरिकन डायमंड म्हणजे खोटा हिरा!

मुळाकाठ
पण हे सगळं जनसामान्यांचं अज्ञान झालं ना. शब्दचर्चेत अचूक काय ते ठरवायला हवं.

वऱ्हाडी_माणूस
अज्ञान कसं? कीटकशास्त्राच्या पुस्तकातही तेच इंग्रजी नाव होतं, तिथूनच आमच्याकडे आलं. आणि २०१८ला मक्यावर जी लष्करी अळी आली ती तर खरोखर अमेरिका खंडातली.

रानजाई
मंडळी, 'पात्रोन'ला मालक आणि दुकानदार बाईला 'अमेरिकन बाई' ठेवतेय, 'ग्रिंगो' बहुतेक तसाच ठेवावा लागणार. नातवाच्या 'गाबाचो'चं अजून अडलंय. तो मुळात स्पेनमधला फ्रेंचांना हिणवायचा शब्द, मेक्सिकोत अमेरिकनांना लागला, आणि तरुण पोरं तर देशालाच 'एल गाबाचो' म्हणतात. 'गाबाचोला गेला' म्हणजे तिकडे कामाला गेला.
वऱ्हाडी दादा, तुमच्या लष्करी अळीचं घर मेक्सिकोच्या बाजूचंच, मकाही मूळ तिकडचाच. तिथले शेतकरी तिला 'कोगोयेरो' म्हणतात. 'कोगोयो' म्हणजे झाडाचा कोवळा गाभा, मक्याचा पोंगा.

वऱ्हाडी_माणूस
आमच्या गावातही बरेच जण 'पोंग्यातली अळी'च म्हणतात ताई! फवारा मारतानाही नोझल पोंग्यात धरावा लागतो, वरून मारून काही होत नाही, ती आत विष्ठेचा बुच लावून बसते. तुमचा म्हातारा मका पेरायचा का त्याच्या गावी? त्याला विचारता आलं तर विचारा, ते लोक पूर्वी औषधाशिवाय काय करायचे.