चर्चा : पृथ्वीकडे पाहणाऱ्या उपग्रहावर सूर्यमापक बसवावा का?

नेरूळवासी :
फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रक्षेपित झालेला आपला हवामान उपग्रह इन्सॅट-३डीएस ढग, समुद्रपृष्ठाचे तापमान आणि हवेतील बाष्प यांची नोंद ठेवतो. परंतु ज्या ऊर्जेच्या बळावर हा सारा पसारा चालतो, ती सूर्याकडून किती आली हे मोजणारे उपकरण त्याच्यावर नाही. सूर्याचा अभ्यास करणारे आदित्य-एल१ हे यान असताना त्याची गरज काय, असा प्रश्न लगेच येईल. आदित्यावर सात उपकरणे आहेत आणि त्यांपैकी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत साकारलेली ‘सूट’ ही दुर्बीण २०० ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात सूर्याची चित्रे घेते. मात्र सर्व तरंगलांबींची मिळून येणारी ऊर्जा मोजणारा रेडिओमीटर त्या सातांत नाही. तो आपल्या पुढच्या हवामान उपग्रहांवर बसवावा, असे माझे मत आहे. अमेरिकेच्या गोज-१६ या हवामान उपग्रहावर सूर्याकडे पाहणारी उपकरणे सौर पॅनेलच्या दांड्यावरच बसवलेली आहेत. पॅनेल सूर्यामागे फिरतच असते, त्यामुळे नेम धरण्याचे बरेचसे काम आयतेच होते. चीनच्या फेंगयुन-३ मालिकेतील उपग्रहांवर तर सौर रेडिओमीटर आहेतच. आपल्याकडेही २००३ साली जीसॅट-२ या दळणवळण उपग्रहावरून ‘सॉक्स’ हा सौर क्ष-किरण वर्णपटमापक गेला होता, म्हणजे पाहुण्याला जागा देण्याची रीत आपल्याला नवी नाही.

घोडबंदर रोड :
पाहुण्याला जागा मिळते, अधिकार मिळत नाही. माझा विरोध तेथूनच सुरू होतो. पृथ्वीच्या अंतरावर दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॉट सौर ऊर्जा पोहोचते, हा आजचा मान्य आकडा आहे. पूर्वी तो १३६५ ते १३६६ मानला जात असे. सूर्य मंदावला म्हणून हा आकडा खाली आला नाही. जुन्या रेडिओमीटरांत काटेकोर मापाचे छिद्र आत, प्रकाश शोषून त्याची ऊर्जा मोजणाऱ्या पोकळीजवळ असे आणि पुढचे छिद्र त्याहून मोठे असे. त्यामुळे विखुरलेला जादा प्रकाश आत शिरून माप फुगत असे. २००३ साली सोडलेल्या ‘सोर्स’ या खास सूर्यासाठीच्या उपग्रहावर ‘टिम’ नावाचा रेडिओमीटर होता, त्यात काटेकोर छिद्र पुढे आणले गेले आणि ही चूक उघड झाली.

साडेचार वॉटांचा फरक किरकोळ वाटेल, पण हिशेब करून पाहा. गोल पृथ्वीवर ती ऊर्जा पसरते म्हणून चारने भागायचे, परावर्तित होणारे सुमारे ३० टक्के वजा करायचे, म्हणजे ०.८ वॉट उरतात. आणि तापमानवाढीमुळे पृथ्वी आज जी जादा उष्णता साठवते आहे, तीही साधारण याच मापाची आहे. सूर्याच्या ११ वर्षांच्या चक्रातील चढउतार तर अवघा ०.१ टक्का असतो. इतके नाजूक माप घेणारे उपकरण दुसऱ्याच्या यानावर, दुसऱ्याच्या वेळापत्रकात आणि फिरत्या पॅनेलच्या कंपात ठेवणे मला पटत नाही. अरबी समुद्रात चक्रीवादळ उभे राहिले असताना उपग्रहचालक कोणाचे आधी ऐकेल, हे काय सांगायला हवे?

नेरूळवासी :
चक्रीवादळाचे आधी ऐकावे, त्यात गैर काही नाही. सूर्याचे एका दिवसाचे माप हुकले तर आकाश कोसळत नाही. मात्र दोन वर्षांचे हुकण्याची वेळ आली तर काय होते, ते आपण पाहिले आहे. १९८९ मध्ये सोलर मॅक्स हा रेडिओमीटर असलेला सौर उपग्रह संपला आणि पुढचा रेडिओमीटर यूएआरएस या उपग्रहावरून १९९१ मध्ये गेला, कारण चॅलेंजर दुर्घटनेनंतर अमेरिकेच्या स्पेस शटलची उड्डाणे लांबली होती. मधल्या काळात सूर्य मोजत होते ते निम्बस-७ आणि ईआरबीएस, आणि हे दोघेही पृथ्वीसाठी सोडलेले उपग्रह होते. ते नसते तर मापांची मालिका तेथेच तुटली असती.

घोडबंदर रोड :
जोडली खरी, पण कशी? ईआरबीएस दर दोन आठवड्यांनी एकदा सूर्याकडे पाही, निम्बसच्या उपकरणाचे माप सरकत असे आणि दोघांचा मेळ बसत नव्हता. त्यामुळेच १९८६ आणि १९९६ या दोन सौर किमानांच्या (चक्रातील सर्वांत शांत काळांच्या) दरम्यान सूर्य किंचित प्रखर झाला की नाही, यावर संशोधकांत दोन तट पडले. सर्व उपग्रहांची मापे जोडून केलेल्या एका संकलनात वाढ दिसते, दुसऱ्यात दिसत नाही.

पनवेलकर :
आमच्या नवीन पनवेलमध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे, म्हणून तिच्या पूर्वेतिहासातला एक दाखला देतो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडणार हे ओळखून अलिबागला नवी वेधशाळा उभारण्यात आली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या आणि मगच कुलाब्याच्या बंद केल्या, म्हणून एकोणिसाव्या शतकापासूनची मालिका आजही वापरता येते. घोडबंदर रोड यांना यात स्वतंत्र घराचा पुरावा दिसेल. मला मात्र त्या दोन वर्षांचे मोल अधिक वाटते. स्वतंत्र घरही दगा देतेच. २०११ मध्ये ग्लोरी उपग्रह रॉकेटचे टोकावरचे आवरण न सुटल्याने बुडाला आणि सोर्सचा वारस त्याच्याबरोबर गेला. (ग्लोरीवर धूलिकणमापकही होता, तेव्हा तोही पूर्ण स्वतंत्र नव्हताच.) अखेर टिमच्या जातीचा, प्रयोगशाळेत शिल्लक असलेला रेडिओमीटर २०१३ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या एका उपग्रहावर पाहुणा म्हणून पाठवला, तेव्हा कुठे थकलेल्या सोर्सशी त्याची मापे जुळवून घेता आली.

घोडबंदर रोड :
तो पाहुणा सोर्सच्याच घराण्यातला होता, म्हणून जुळला. इन्सॅटवर रेडिओमीटर बसवायचाच असेल, तर त्यात किमान दोन पोकळ्या हव्यात : एक रोज सूर्य पाहणारी आणि दुसरी बहुतेक काळ झाकलेली, जेणेकरून अतिनील किरणांनी पहिलीची झीज किती झाली, हे दुसरीशी ताडून कळेल. शिवाय पहिला उपग्रह चालू असतानाच दुसरा, तसाच रेडिओमीटर घेऊन, वर जायला हवा. तेवढे लेखी ठरले, तर माझा विरोध पॅनेलच्या कंपापुरताच उरेल.

नेरूळवासी :
झाकलेली पोकळी मान्य. दुसऱ्या उपग्रहाची तारीख मात्र आपल्या हातात नसते, ती रॉकेटच्या आणि पैशाच्या हातात असते. म्हणूनच मी एका खास उपग्रहाऐवजी, हवामान खात्याला ठरावीक वर्षांनी लागणारच आहेत अशा उपग्रहांची मालिका मागतो आहे.