आयसोलेशन वॉर्डात ड्युटी लागली तर नाही म्हणता येतं का?

रात्रपाळी७:
श्वसनाच्या साथीसाठी वेगळा वॉर्ड उघडतोय, नवीन रोस्टरमध्ये आमच्या युनिटची नावं आहेत. स्टाफमध्ये दोन तट पडलेत. "नर्सिंग घेतलं तेव्हा कळत नव्हतं का?" हा एक, आणि "सगळ्यांनी मिळून नकार द्या" हा दुसरा. नकार नेमका कधी रास्त ठरतो? पीपीई किट (मास्क, गाऊन, हातमोजे, गॉगल) काढताना लागण होते म्हणतात, ती कुठे? आणि किट अंगावर नसताना पेशंट अरेस्टमध्ये गेला, म्हणजे हृदय बंद पडलं, तर?

संसर्गनियंत्रण:
किटचं सांगते. घालताना घोटाळा होतो तो एन-९५चा. फिट टेस्ट (मास्क तुमच्या चेहऱ्यावर हवाबंद बसतो का याची चाचणी) ज्या मॉडेलवर झाली तेच मॉडेल वापरायचं. स्टोअरमधून दुसरं आलं की टेस्ट पुन्हा. हे सर्रास टाळलं जातं. शिवाय दर वेळी सील चेक: दोन्ही तळवे मास्कवर ठेवून श्वास सोडा. नाकापाशी हवा लागली तर पट्टी दाबून बसवा, कडेनं लागली तर इलॅस्टिक मागे सरकवा. दाढीवर सील बसत नाही, कितीही घट्ट ओढा.

काढताना क्रम असा: हातमोजे, गॉगल किंवा शील्ड, गाऊन, शेवटी मास्क. पहिला हातमोजा मनगटाजवळ बाहेरून चिमटीत धरून उलटा ओढायचा आणि दुसऱ्या मुठीत ठेवायचा. मग उघडं बोट दुसऱ्याच्या आत सरकवून तो पहिल्यावरच उलटवायचा. शील्ड मागच्या पट्ट्याला धरून. गाऊनच्या नाड्या सोडल्या की खांद्यापासून, आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत काढा. मास्क मात्र खोलीबाहेर येऊन, दार लावून: आधी खालचा पट्टा, मग वरचा, पुढच्या भागाला हात नाही. शेवटी हँडरब (हातावर चोळायचं जंतुनाशक) २० ते ३० सेकंद. मध्येच हाताला काही लागलं असं वाटलं तर तिथेच एकदा हँडरब चोळून पुढे जा.

चुकतं कुठे? पाळी संपताना. घामानं कपाळ खाजतं, घरी जायची घाई असते, हात आपोआप चेहऱ्याकडे जातो. म्हणून समोर एक जण चेकलिस्ट मोठ्यानं वाचणारा हवा. २०१४ मध्ये अमेरिकेत इबोलाच्या रुग्णाची सेवा करणाऱ्या दोन परिचारिकांना लागण झाली, त्यानंतर तिथल्या सूचनांत प्रशिक्षित निरीक्षक आणि त्वचा अजिबात उघडी न ठेवणं आलं. निरीक्षक मिळत नसेल तर तो मागा. ही मागणी भित्रेपणाची नाही.

जुनी_मेट्रन:
नकाराबद्दल. अमेरिकन नर्सेस असोसिएशनच्या चार कसोट्या उपयोगी आहेत: आपण गेलो नाही तर रुग्णाला मोठी हानी होईल का, आपलं काम ती हानी टाळण्याशी थेट जोडलेलं आहे का, त्यानं ती बहुधा टळेल का, आणि रुग्णाचा फायदा आपल्या धोक्यापेक्षा जास्त, तोही धोका मान्य होण्याजोगा आहे का. चारही "हो" असतील तर जाणं कर्तव्य. एक जरी "नाही" असेल तर जाणं न जाणं ज्याच्या त्याच्या विवेकावर. एन-९५च नसेल तर चौथी कसोटी बहुतेक तिथेच पडते. पण "मला भीती वाटते" एवढ्यानं ती पडत नाही, हेही तितकंच खरं.

वेळ सांभाळा. बोलायचं ते हँडओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून रुग्णांची जबाबदारी, घेण्याआधी. घेतल्यावर बदली न देता निघालात तर रुग्णाला वाऱ्यावर सोडल्याचा ठपका येतो आणि मूळ तक्रार बाजूलाच पडते. लेखी द्या: तारीख, वेळ, कोणती वस्तू किती कमी, कोणाकडे मागितली, काय उत्तर मिळालं, आणि त्याऐवजी कुठलं काम करायला तयार आहात. शेवटचं वाक्य विसरू नका, कागदाचा सूर त्यानंच बदलतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारातलं कलम १३ जिवाला तातडीचा, गंभीर धोका दिसल्यावर कामावरून बाजूला होणाऱ्याला संरक्षण देतं, पण ज्या देशांनी तो स्वीकारलाय तिथेच.

गरोदरपण किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर तो नकाराचा विषयच नाही. रोस्टर लागण्याआधी बदली मागा.

कोडब्लू:
अरेस्ट: आधी किट, मग आत. छाती दाबतानाही तुषार उडतात, त्यामुळे "दोन मिनिटं तशीच करू" चालत नाही. वेळ वाचवायचा तर दाराबाहेर तयार पॅक टांगून ठेवा आणि आत जाणारी माणसं पाळीच्या सुरुवातीलाच नावानिशी ठरवा.

रात्रपाळी७:
निरीक्षक आणि तयार पॅक, दोन्ही उद्याच मागते. एक राहिलं: पेशंट हलवल्यावर सफाईवाल्या मावशींना लगेच आत पाठवतात. बरोबर आहे?

संसर्गनियंत्रण:
लगेच, बिना एन-९५ नाही. तासाला १२ वेळा हवा बदलत असेल तर हवेतले ९९% कण जायला २३ मिनिटं, ९९.९ टक्क्यांना ३५. सहाच वेळा बदलत असेल तर ४६ आणि ६९. हे आकडे हवा खोलीभर नीट मिसळते असं धरून काढलेत. कोपऱ्यात पडदे, कपाट असेल तर वेळ वाढवा. तुमच्या खोलीचा आकडा देखभाल विभागाकडून लेखी घ्या आणि दारावर चिकटवा.