लो-कोड ॲपमधलं लेबल: कोडमध्ये लिहावं की आहे त्यावर भागवावं?

सूत्रपाठ (धागाकर्ता)

विषय मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ॲप्समधल्या कॅनव्हास ॲपचा, म्हणजे तयार घटक स्क्रीनवर ठेवून आणि सूत्रं लिहून बनवलेल्या ॲपचा. शीर्षक, स्थिती, सूचना, सगळीकडे एकसारखं दिसणारं लेबल हवं म्हटलं की कुणीतरी लगेच ‘पीसीएफ लिहू या’ म्हणतो. म्हणजे पॉवर ॲप्स कंपोनंट फ्रेमवर्क वापरून टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिलेला कोड कंपोनंट. माझं स्पष्ट मत: लेबलासाठी हा उद्योग करू नये.

साध्या कॅनव्हास कंपोनंटमध्ये (पॉवर ॲप्समध्येच, कोडशिवाय बनवलेला, पुन्हापुन्हा वापरता येणारा घटक) काम होतं. आत एकच लेबल ठेवा. त्याची रुंदी कंपोनंटच्या रुंदीला बांधा, ऑटोहाइट (मजकुराप्रमाणे उंची आपोआप बदलणं) चालू करा, पॅडिंग ८. इनपुट प्रॉपर्टी तीन: मजकूर, प्रकार आणि थीम. आउटपुट प्रॉपर्टी एक: आतल्या लेबलाची उंची. कंपोनंट स्क्रीनवर टाकला की त्याच्या हाइटमध्ये सेल्फ (म्हणजे तो कंपोनंट स्वतः) लिहून हीच आउटपुट प्रॉपर्टी द्या, नाहीतर मजकूर वाढतो आणि चौकट तेवढीच राहते.

थीम (रंग, फॉन्ट वगैरे) रेकॉर्ड म्हणूनच, म्हणजे नावं दिलेल्या मूल्यांचा एक संच म्हणून, आत पाठवा. ॲपमधले ग्लोबल व्हेरिएबल कंपोनंटला ‘ॲक्सेस ॲप स्कोप’ चालू केल्याशिवाय दिसत नाहीत, आणि कंपोनंट लायब्ररीत (अनेक ॲपमध्ये वापरायचे कंपोनंट ठेवायची जागा) तो पर्यायच नसतो. लायब्ररीत हलवायच्या दिवशी सगळी सूत्रं लाल होतात ती यामुळे.

अर्धा_र

असहमत. तुमची पद्धत ‘दोन ओळी दाखवा, पुढे तीन टिंबं’ या मागणीपाशी अडते, आणि कार्डांच्या यादीत ही मागणी हमखास असते. ऑटोहाइटला कमाल ओळी सांगता येत नाहीत. मग लोक सुरुवातीची ठरावीक अक्षरं घेणाऱ्या लेफ्ट फंक्शनने मजकूर कापतात. इंग्रजीत ते खपतं, मराठीत नाही.

‘श्रीरामपूर’ घ्या. वाचणाऱ्याला पाच अक्षरं दिसतात, लेफ्टच्या हिशेबात ती दहा आहेत: श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी, र, काना, म, प, दीर्घ उकार, र. लेफ्टला २ दिलं की ‘श्’ उरतो, ८ दिलं की ‘श्रीरामप’. शिवाय रुंदी बदलली की तुमचा आकडा चुकलाच. कोड कंपोनंटमध्ये हे सीएसएस लिहून ब्राउझरवर सोपवता येतं: डिस्प्ले वेबकिट-बॉक्स, बॉक्स-ओरिएंट व्हर्टिकल, लाइन-क्लॅम्प २, ओव्हरफ्लो हिडन. झालं.

सांगाडाही छोटा आहे. इनिटमध्ये (सुरुवातीला एकदाच चालणारं फंक्शन) एक डिव्ह, म्हणजे एचटीएमएलची चौकट, तयार करा, अपडेटव्ह्यूमध्ये (दर बदलाला चालणारं फंक्शन) फक्त त्याचं टेक्स्टकंटेंट बदला. अपडेटव्ह्यू पुन्हापुन्हा चालतं, तिथे नवे घटक बनवले तर एकाखाली एक साचत जातात. इनरएचटीएमएल वापरू नका. वापरकर्त्याने टाकलेला मजकूर मार्कअप म्हणून चालेल. रिॲक्टची गरज नाही.

सूत्रपाठ

लेफ्टचा मुद्दा मान्य. पण ‘झालं’ म्हणता तिथून पुढचं काम कोण करणार? ॲडमिनने एन्व्हायर्नमेंटच्या फीचर्समध्ये कॅनव्हास ॲपसाठी पीसीएफची परवानगी द्यायची. दर बदलाला मॅनिफेस्टमधला, म्हणजे कंपोनंटच्या वर्णनाच्या फाइलमधला, आवृत्ती क्रमांक वाढवायचा. विसरलात तर जुनंच लेबल दिसत राहतं. मग प्रत्येक ॲप स्टुडिओत उघडून अपडेट स्वीकारायचं आणि पुन्हा पब्लिश करायचं. वीस ॲपमध्ये लेबल असेल तर वीस वेळा.

अर्धा_र

कंपोनंट लायब्ररीतही ॲप उघडून अपडेट स्वीकारावंच लागतं. तो फेरा दोन्हीकडे सारखाच. परवानगीचं काम एन्व्हायर्नमेंटमागे एकदाच.

उकार_वेलांटी

दोघांकडूनही एक गोष्ट सुटते आहे. लेबलाची लाइनहाइट (फॉन्टच्या आकाराच्या पटीत ओळीची उंची) मुळात १.२ असते. ‘कर्मचाऱ्यांची’मधला रफार आणि अनुस्वार वर जातात, ‘शत्रू’चा उकार खाली येतो. फॉन्टप्रमाणे फरक पडतो, पण देवनागरीला मी १.५ च्या खाली जात नाही.

दोन ओळींचा क्लॅम्प लावल्यावर हे जास्त बोचतं, कारण ओव्हरफ्लो हिडन शेवटच्या ओळीचे उकार कापतं. उपाय म्हणून खाली पॅडिंग देऊ नका. त्या पॅडिंगमध्ये लपवलेल्या तिसऱ्या ओळीची शिरोरेषा डोकावते. लाइनहाइटच वाढवा. पॅडिंग हवंच असेल तर ते बाहेरच्या डिव्हला. आणि लेटर-स्पेसिंग शून्य, नाहीतर शिरोरेषा तुटते.

मापटं

कोडवाल्यांसाठी खरा सापळा उंचीचा. लेबलाने आपली उंची ॲपला कळवायची तर आउटपुट प्रॉपर्टी आणि ‘बदल झाला’ असं ॲपला सांगणारं नोटिफायआउटपुटचेंज्ड लागतं. ते अपडेटव्ह्यूमध्ये बिनशर्त बोलावलं की फेरा सुरू: कळवलं, ॲपने उंची बदलली, पुन्हा अपडेटव्ह्यू, पुन्हा कळवलं. आतल्या डिव्हला उंची १०० टक्के दिली असेल तर वेगळीच पंचाईत: बाहेरची चौकटच मोजली जाते आणि मजकूर कमी झाला तरी लेबल आकसत नाही.

आतल्या डिव्हची उंची ऑटो ठेवा आणि त्यावर आकार बदलला की कळवणारा रिसाइझऑब्झर्व्हर लावा. आलेलं माप वरच्या पूर्णांकाला न्या, आधीच्या मापाशी ताडा, बदललं असेल तरच कळवा. वेबफॉन्ट उशिरा उतरून मजकूर एका ओळीने वाढला तर तेही यातच पकडलं जातं. डिस्ट्रॉयमध्ये (कंपोनंट काढताना चालणारं फंक्शन) ऑब्झर्व्हर तोडायला विसरू नका.

सूत्रपाठ

मापटं यांचा प्रतिसाद वाचून माझं मत आणखी पक्कं झालं. ऑटोहाइटच्या एका टिकमध्ये हे सगळं फुकट मिळतं. तसंच रोल आणि लाइव्हचं. तयार लेबलाला हेडिंगचा दर्जा देता येतो, बदललेली सूचना स्क्रीनरीडरने वाचावी म्हणून लाइव्ह पोलाइट ठेवता येतं. हाताने लिहिलेल्या पीसीएफ लेबलात हे बहुतेक वेळा नसतंच. न पाहता ॲप वापरणाऱ्या माणसाला तुमची दोन ओळींची सफाई काय कामाची? क्लॅम्प हवा तिथे, त्या एका कार्डापुरता पीसीएफ वापरा. बाकी स्क्रीनवर माझा साधा कंपोनंट राहू द्या.

अर्धा_र

एकाच ॲपमध्ये दोन तऱ्हेची लेबलं ठेवली की लाइनहाइट आणि फॉन्टचा आकार दोन ठिकाणी सांभाळावा लागतो, आणि शेजारीशेजारी ठेवल्यावर फरक लगेच डोळ्यांत भरतो. ते मला चालणार नाही. स्क्रीनरीडरचा आक्षेप मात्र रास्त आहे, म्हणून उत्तर देतो. मॅनिफेस्टमध्ये हेडिंगच्या पातळीसाठी एक एनम (ठरावीक पर्यायांची) प्रॉपर्टी घ्या आणि डिव्हला रोल हेडिंग व एरिया-लेव्हल द्या. टॅग बदलत बसावं लागत नाही. सूचनेच्या लेबलाला एरिया-लाइव्ह पोलाइट इनिटमध्येच लावा, डिव्ह रिकामा असताना. मजकुरासकट नवा डिव्ह एकदम आणला तर अनेक स्क्रीनरीडर तो वाचतच नाहीत.