कॅसेट तिरकी केली की मारिओचं चित्र फुटतं पण गाणं चालूच राहतं, असं का?

पेठेतला_गडी:
मंगळवार पेठेतलं जुनं घर आवरताना माळ्यावर आमचा पिवळ्या कॅसेटवाला टीव्ही गेम सापडला, अ‍ॅडॉप्टर बदलला तर चक्क सुरू झाला. भाचा खेळत असताना कॅसेट एका बाजूनं जराशी उचलली गेली तर मारिओच्या जागी आकडे, विटांचे तुकडे, नुसता कचरा. पण गाणं तसंच चालू आणि बटण दाबलं की उडीचा आवाजपण येतोय! दुसऱ्या बाजूनं उचलली तर मात्र गेम जागेवर थांबला आणि टीऽऽ असा एकच सूर लागून राहिला. बाजू बदलली की असं वेगळं का होतंय?

सोल्डर_राजारामपुरी:
भावा लई भारी निरीक्षण! आपल्याकडचे हे गेम म्हणजे १९८३ च्या जपानी फॅमिकॉमची नक्कल, कॅसेटला तेच ६० पिन. त्यातल्या साधारण एका अर्ध्या भागातनं प्रोग्राम प्रोसेसरकडं जातो आणि दुसऱ्या अर्ध्यातनं चित्रं वेगळ्या व्हिडिओ चिपकडं. चित्रांची बाजू उचलली की व्हिडिओ चिपला चुकीचा डेटा मिळतो म्हणून कचरा दिसतो, पण प्रोसेसरला त्याचा पत्ताच नसतो आणि आवाज प्रोसेसरच काढतो, म्हणून गाणं चालू. प्रोग्रामची बाजू उचललीस की प्रोसेसर भरकटून हँग होतो आणि शेवटचा वाजत असलेला सूर कुणी बंदच करत नाही, तीच तुझी टीऽऽ.

रंकाळा_८६:
ह्याच्या पुढचं सांगतो. जपानमधली पोरं मारिओ चालू असताना कॅसेट काढून टेनिसची घालायची, रिसेट मारून कोर्टवर थोडं चालायची, परत मारिओ घालून रिसेट आणि ए दाबून धरून स्टार्ट, की डायरेक्ट भलत्याच वर्ल्डमधी! मशीनची २ केबी रॅम रिसेटनं पुसली जात नाही आणि टेनिस जिथं पावलं मोजतं तिथंच मारिओ वर्ल्डचा नंबर ठेवतो, म्हणजे जेवढी पावलं तसा वर्ल्ड. मला तर आजपण हे आठवलं की अंगावर काटा येतो. अमेरिकन मशीनवर हे जमत नाही, त्यात लॉकची चिप असते, कॅसेट काढली की मशीन सारखं रिसेट होत बसतं.

सोल्डर_राजारामपुरी:
खरंय, पण पेठेतल्या भावा तू चालू मशीनमधनं कॅसेट काढू नको. ५ व्होल्टची पिन शेजारच्या पिनेला टेकली तर चिप जाईल आणि ह्या मशीनला आता पार्ट मिळत नाहीत. तिरकं करायचंच असेल तर अगदी केसभर उचल. आणि कॅसेटमधी फुंकर मारू नका रे, थुंकीच्या ओलीनं पिना गंजतात. आपल्याला वाटायचं फुंकरीनं चालतंय, खरं म्हणजे काढून परत घातल्यानं पिना नीट बसायच्या. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून पुस आणि पूर्ण वाळू दे.

पेठेतला_गडी:
पुसली! काडी काळीकुट्ट निघाली दोन्ही बाजूंनी. आता पहिल्या झटक्यात चालू होतोय. भाचा म्हणतोय मामा परत तो कचरा दाखव, त्याला आज केसभर उचलून चित्रांची बाजू कुठली ते खडूनं खूण करून देणार आहे.