एकटा रेणूही चुंबक होतो

‘चुंबक व्हायला लाखो अणूंची फौज लागते, एकट्या रेणूचं ते काम नाही’ असं म्हणतात, आणि लोखंडाच्या बाबतीत ते पटतं. एमएस्सीला आम्ही मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंडाच्या एका चुंबकीय ऑक्साइडचे, नॅनोकण बनवायचो. फेरस आणि फेरिक क्लोराइड १:२ प्रमाणात घेऊन अमोनिया घातला की द्रावण क्षणात काळंकुट्ट! बीकरला बाहेरून चुंबक लावला की सगळा गाळ त्या बाजूला गोळा व्हायचा, काढून हलवलं की पुन्हा पसरायचा. कण इतके लहान की खोलीतल्या उष्णतेनेच त्यांच्या चुंबकत्वाची दिशा सारखी उलटत राहते, टिकत नाही.

पण मग मँगनीज-१२ ॲसिटेटचा, म्हणजे बारा मँगनीज अणू असलेल्या एका रेणूचा, विषय निघायलाच हवा. त्यात बाहेरच्या कड्यात +३ विद्युतभाराचे आठ मँगनीज आयन, आत +४ चे चार. दोन्ही गटांच्या स्पिन (इलेक्ट्रॉनांचा चुंबकत्व देणारा गुण) एकमेकांविरुद्ध, १६ वजा ६, म्हणून एकूण स्पिन १०. रेणू १९८० मध्येच तयार झाला होता, त्याचा हा गुण मात्र १९९३ मध्ये उघड झाला: २ केल्विनला (सुमारे उणे २७१ अंश सेल्सिअस) बाहेरचं चुंबकीय क्षेत्र काढून घेतलं तरी चुंबकत्वाची दिशा आठवडेच्या आठवडे टिकते. नुसती स्पिन मोठी असून हे जमत नाही. बाहेरच्या त्या आठ आयनांभोवतीची रचना एका अक्षावर ताणलेली असते आणि हे अक्ष जवळजवळ एकाच दिशेला असतात, म्हणून उलटायला ऊर्जेचा डोंगर चढावा लागतो. २०१८ मध्ये डिस्प्रोसियम या धातूच्या एका रेणूने ८० केल्विनपर्यंत अशी चुंबकीय स्मृती दाखवली, द्रव नायट्रोजनच्या ७७ च्याही वर. त्यात धातूचा अणू फक्त एक आहे.